नव्या नाकाची मैना

"पुसायला एखादं फडकं मिळेल का हो?"

यामिनीने मान वर केली. शोरूमच्या काचेच्या दारात एक उंच माणूस उभा होता. नखशिखांत भिजलेला. केसांतून पाणी, बाह्यांतून पाणी, आणि सकाळीच कमलबाईने आरशासारख्या पुसलेल्या फरशीवर त्याच्या बुटांचे हे एवढाले चिखलाचे ठसे!

"हे शोरूम आहे, लॉज नाही," ती म्हणाली.

"बरं… मग गाडी मिळेल का?"

यामिनीला हसू आलं आणि ते लपवायला ती उगीचच फोनची वायर नीट करायला लागली. बाहेर जळगावच्या नेहरू चौकाकडून आषाढाचा पाऊस नुसता कोसळत होता. त्या माणसाने आपली स्कूटर तशीच पावसात टाकून दिली होती आणि आता तो शोरूमच्या मधोमध ठेवलेल्या पांढऱ्या गाडीभोवती फिरत होता. वाकून बघत होता. गुडघ्यावर बसून खालूनही बघत होता.

ते साल नव्याण्णव. बाजारात परदेशी कंपन्यांच्या गोलमटोल नव्या गाड्या आल्या होत्या आणि झुलालशेठच्या शोरूमचं गिऱ्हाईक पार आटलं होतं. मग कंपनीने एक शक्कल काढली. आपली पंधरा वर्षांची जुनी छोटी गाडी, मैना, घेतली, तिला नवे डोळे लावले, नवं नाक बसवलं, किंमत खाली आणली आणि जाहिरात ठोकून दिली… 'नवी मैना, सर्वांना परवडणारी.' शेठने यामिनीकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. ते ती आताही घडाघडा म्हणाली, "नवे हेडलाइट, नवी जाळी, नवा बंपर, नवा डॅशबोर्ड, सर."

"अन् आतलं?" माणसाने विचारलं.

"सुधारित" असं म्हणायचं असतं. पण त्याने मान थोडी तिरकी करून असं काही बघितलं, की यामिनीच्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "आतली जुनीच आहे." आणि मग तिने जीभ चावली. देवा रे, शेठने ऐकलं असतं तर!

"घेतली!" तो म्हणाला.

"काय?"

"गाडी. जुनी आहे म्हणूनच घेतो. त्या नव्या गोलमटोल गाड्या बिघडल्या, की नाशिकला न्या आणि हात जोडून उभे राहा. हिचं इंजिन आमच्या पारोळ्याचा चुडामण झोपेत उघडतो." त्याने ओला हात विजारीला पुसला आणि नमस्कार केला. "मी राजधर. गुरांचा डॉक्टर आहे, धुळ्याला. गुरं बोलत नाहीत ना, म्हणून मला विचारून विचारून घ्यायची सवय लागलीय."

"शेठला सांगू नका हं… मी सांगितलं म्हणून."

"नाही सांगत. आपल्या दोघांत एक गुपित झालं म्हणायचं!"

एवढं बोलून त्याने दार उघडून किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं. आणि इतका वेळ हसणारी यामिनी चार पावलं मागे सरून खांबाला टेकली. चेहरा पांढराफटक. त्याने ते पाहिलं. लगेच इंजिन बंद केलं.

*

त्यानंतर राजधर येतच राहिला. धुळ्याला त्या कंपनीचं शोरूम नव्हतं, हे निमित्त त्याला बरं मिळालं. एकदा रंग ठरवायला आला. एकदा रंग बदलायला. एकदा सीटच्या कव्हरांसाठी, आणि तेव्हा तो कव्हरांबद्दल अवाक्षर न काढता सोनगीरच्या एका म्हशीची गोष्ट सांगून गेला.

"डॉक्टर, इतक्या फेऱ्यांत तर चालत धुळे गाठलं असतं," यामिनी म्हणाली.

"चालत आलो असतो, तर तुम्ही पाणी विचारलं असतं. अजून चहासुद्धा विचारला नाहीत."

"चहा गाडी घेणाऱ्याला मिळतो. बघणाऱ्याला नाही."

"मग बघणं चालू आहे, एवढं तरी मान्य ना?"

अगं बाई! यामिनीचे कान तापले. तिने गाडीच्या कागदांत डोकं खुपसलं. पण ओठाच्या कोपऱ्यातलं हसू काही कागदात मावेना.

चाचणीला गाडी बाहेर काढायची, तर शोरूमचं एक माणूस सोबत बसावं लागे. राजधरने पुढचं दार उघडून धरलं. यामिनीने ड्रायव्हरला हाक मारली.

"मला गाडीची भीती वाटते," ती हळूच म्हणाली.

"गाड्या विकता आणि…"

"हलवाई कुठे स्वतःचे पेढे खातो?"

तो हसला. पण ती हसत नव्हती, हे त्याला दिसलं होतं.

भीती गाडीची नव्हतीच, हो. खरं सांगायचं तर भीती एका साध्या शब्दाची होती. चार वर्षांपूर्वी, जामनेरला, यामिनीचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापायला गेल्या होत्या. एका रविवारी तो मुलगा घरी जेवायला आला. निघताना फटफटीला किक मारत म्हणाला, "येतो." यामिनी दारात उभी होती. लाजत म्हणाली, "या." आपण सगळेच म्हणतो तसं. तो गेला तो गेलाच. जळगाव रस्त्याला ट्रकने उडवलं.

दिवसकार्य झाल्यावर त्या मुलाची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीचा पायगुणच असा." बस्स. एवढं वाक्य. ते जामनेरभर फिरलं, तालुकाभर फिरलं. स्थळं यायची, कुणीतरी कानाला लागायचं, स्थळं जायची. शेवटी तिच्या वडिलांनी, कौतिकआप्पांनी, तिला जळगावला भिकुआत्याकडे आणून ठेवलं. आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "हे बघ, झालं गेलं तोंडातून काढायचं नाही. अक्षता पडेस्तोवर तोंड शिवून ठेव."

म्हणजे शोरूममध्ये शेठ तेच शिकवणार आणि घरी आत्याही तेच! यामिनीला रात्री झोप लागत नसे. राजधर चांगल्या घरचा, आपल्यातलाच. दोन्हीकडचे सोयरे एकमेकांच्या लग्नांत जेवलेले. कुणीतरी कधीतरी त्याला सांगणारच होतं. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. तिला तो आवडायला लागला होता. फार आवडायला लागला होता. आणि तिला आवडलेलं माणूस रस्त्यावरून परत येत नाही, असं तिच्या मनाने पक्कं धरलं होतं. तो "येतो" म्हणून स्कूटर चालू करायचा तेव्हा ती मुद्दाम पाठ फिरवायची. "या" म्हणायची तिची छातीच होत नसे.

*

श्रावणातल्या मंगळवारी सकाळी गाडी न्यायला राजधर आला. आदल्याच दिवशी त्यांच्या गावी कानबाईचं, खानदेशातल्या घरोघरच्या देवीचं, विसर्जन झालं होतं. कपाळावर गुलाल अजून पुरता गेला नव्हता. हातात टोपलीभर झेंडू-शेवंतीचा हार. मनगटाएवढा जाड!

नवी गाडी बाहेर पडायच्या आधी तिची पूजा व्हायची. ओवाळायचं काम कमलबाईचं. ती झाडू मारायची, पण पाच लेकरांची आई, सौभाग्यवती, म्हणून शेठचा तिच्या हातावर विश्वास. यामिनी त्या ताटाला बोटसुद्धा लावत नसे. आणि त्या दिवशी नेमकी कमलबाई रजेवर. पारोळ्याला लेकीकडे गेलेली.

"तुम्ही करा ना पूजा," राजधर म्हणाला.

"नको. माझा हात… नको."

"का? हात तर चांगला दिसतोय."

"डॉक्टर, थट्टा नका करू."

"अगं, गिऱ्हाईक ताटकळलंय!" आतून झुलालशेठ ओरडला. "कर की पटकन! तुला काय मंत्र म्हणायचेत?"

यामिनीने ताट उचललं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकांखाली लिंबं ठेवली. मनात एकच घोकत होती… आई एकवीरे, याला सांभाळ. याला सांभाळ. मग हार. हार वाटेत गळून पडला तर? अपशकुन! तिने सुतळी मागितली आणि तो हार मैनेच्या नव्या नाकावर दुहेरी गुंडाळून, गाठीवर गाठ मारून असा करकचून बांधला, की वादळ आलं तरी हलू नये.

"माझ्या आईने पाळण्यात मलाही इतकं घट्ट बांधलं नव्हतं," राजधर म्हणाला. ती हसली नाही.

तो आत बसला. काच खाली केली. "येतो."

यामिनीने सुतळीचा उरलेला तुकडा बोटाला गुंडाळला.

"काहीतरी म्हणा की."

तिने मान खाली घातली.

"बरं, नका म्हणू," तो हळू आवाजात म्हणाला. "दुपारपर्यंत धुळ्याला पोचेन. पोचलो की फोन करतो. तेव्हा एक विचारणार आहे… काय ते तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर तयार ठेवा."

लिंबं चिरडत गाडी रस्त्याला लागली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

दुपार झाली. फोन आला नाही. यामिनीने डबा उघडला आणि तसाच बंद केला. फोन वाजला की ती झेपावून उचलायची. कुणी टायरचा भाव विचारी, कुणी शेठला. तिने स्वतःला समजावलं, अहो गुरांचा डॉक्टर तो, वाटेत कुणाची गाय अडली असेल. पण मन ऐकतं का? मन जामनेरच्या दारात जाऊन उभं राहिलं होतं.

तीन वाजता कमलबाई दारातून आत आली. पारोळ्याहून एस.टी.ने थेट शोरूमवरच.

"काय बाई तरी!" ती पिशवी ठेवत म्हणाली. "पारोळ्याच्या अलीकडे आपली एक मैना उभी होती रस्त्याच्या कडेला. पांढरी, कोरी करकरीत, हार घातलेली! पुढून नुसता धूर. ही गर्दी जमलेली."

"अन्… माणूस?"

"माणूस काही दिसला नाही बाई. आमची गाडी थांबली कुठे?"

यामिनी उठली. खुर्ची मागे पडली. शेठ काहीतरी ओरडत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

*

धुळ्याकडे जाणाऱ्या एस.टी.त ती खिडकीची दांडी धरून बसली होती. पाळधी गेलं. एरंडोल गेलं. समोरून येणारा प्रत्येक ट्रक तिच्या काळजावरून जात होता. माझ्या हाताने पूजा केली, माझ्या हाताने. नाही म्हटलं होतं मी! कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा तिला गावाचं नाव आठवेना. ती रडत होती, हे तिला शेजारच्या बाईने पदर पुढे केला तेव्हा कळलं.

पारोळ्याच्या अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली, पांढरी मैना. बॉनेट उघडं. यामिनीने बस थांबवली आणि चिखलातून धावत सुटली.

झाडापलीकडे चहाची टपरी होती. टपरीपुढे बाजेवर राजधर बसला होता. धडधाकट. जिवंत. हातात कपबशी घेऊन!

"यामिनी? तुम्ही इथं…"

तिने पर्स उगारून त्याच्या दंडावर हाणली. एकदा, दोनदा. चहा सांडला. "फोन का नाही केला? सांगा ना, का नाही केला?"

"अहो, पारोळ्यातले फोन कालपासून मुके आहेत! मारू नका, ऐका तरी. काही झालेलं नाही. पाइप फुटला, वाफ आली. चुडामण नवा पाइप आणायला गेलाय. आणि दोष ना गाडीचा ना माझा… दोष हाराचा!" तो हसायला लागला. "त्या नव्या नाकाच्या फटी आधीच बारीक. त्यावर तुम्ही तो दुहेरी गुंडाळलेला. इंजिनला वारा लागेल कुठून? झेंडूची भाजी झाली बघा आतल्या आत."

"हार मी बांधला होता," यामिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला. "म्हणजे माझ्याच हाताने…"

"हाई कोन शे रे भाऊ?"

तेव्हा कुठे यामिनीला दिसलं. बाजेच्या टोकाला नऊवारीतली एक बाई बसली होती, मांडीवर फडक्याची गाठोडी घेऊन. राजधरची आई, सुंदरबाई. नवी गाडी ओवाळायला धुळे रस्त्यावर मुकटीच्या फाट्याला ताट घेऊन उभी होती, राजधरने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर धाडलेला निरोप मिळाला, तशी मिळेल त्या टेम्पोत बसून लेकाजवळ आली होती.

"आई, ही यामिनी. मी सांगितलं होतं ना…" राजधर उठून उभा राहिला. "मी अजून धुळ्याला पोचलो नाही. पण तुम्हीच इथवर आलात, तर आताच विचारतो. माझ्याशी लग्न…"

"नको! आधी ऐका."

भिकुआत्याने शिवलेलं तोंड तिने तिथे, टपरीपुढे, टराटरा उसवलं. जामनेर, साखरपुडा, तो रविवार, ती फटफटी. "या" म्हटलेलं. पायगुण. सगळं. "लोक म्हणतात ते खरंच असेल. मला माहीत नाही. पण आज पुन्हा माझा हात लागला आणि गाडी बंद पडली. मला तुम्ही आवडता, फार आवडता, म्हणून मला भीती वाटते. उद्या तुम्हाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

सुंदरबाई ताडकन उठली आणि तिने लेकाचा दंड धरून त्याला आपल्याकडे ओढलं. यामिनीने ते पाहिलं. झालं. हेच व्हायचं होतं.

राजधरने आईचा हात काढला नाही. तसाच उभा राहून म्हणाला, "मला भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. मारक्या बैलाजवळ जाताना मी रोज भितो. भीत भीत जातो, पण जातो. त्या पोराला ट्रकने मारलं, यामिनी. तुम्ही नाही. आणि मला आज झेंडूने थांबवलं. उत्तर मला अजून हवंच आहे."

चहावाल्याला अवघडल्यासारखं झालं असावं, विषय बदलायला तो म्हणाला, "अक्का, गाठोडीत काय शे? माले बी दे ना तुकडा."

"नही रे भाऊ, कानबाईना रोट शे. घरना माणसेस्नीच खावाना," सुंदरबाई म्हणाली. त्यांच्याकडची रीतच तशी. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, घरच्यांनीच संपवायचे. परक्याला तुकडा नाही, अगदी सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही.

मग ती गाडीपाशी गेली. नाकावरचा तो काळवंडलेला, शिजलेला हार तिने बोटांनी चाचपला. सुतळीच्या गाठी मोजल्यासारख्या बघितल्या. एक गाठ सोडवायला गेली, ती सुटेना. बराच वेळ ती तिथे पाठमोरी उभी होती. यामिनीने पर्स उचलली आणि रस्त्याकडे वळली. जळगावची बस येतच असेल.

"ये पोर! कोठे जाई ऱ्हायनी?"

यामिनी थांबली.

सुंदरबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे ओले होते, आवाज मात्र करडा. "माले बी भ्याव लागस. एकुलता एक पोऱ्या शे मना. खोटं काय सांगू?" तिने मान हलवली. "पन लोके धूर दखीसन दूर पयतस. तू जयगावथीन धूरकडे पयत उनी. आशी पोर माले कोठे मियनार?" धूर बघून लोक लांब पळतात, आणि ही पोर मात्र जळगावहून धुराकडे धावत आली होती, हे तिने बरोबर हेरलं होतं.

आणि तिने गाठोडी सोडली. जाडजूड, खरपूस रोट बाहेर काढला, कडकन मोडला आणि अर्धा यामिनीपुढे धरला.

यामिनीला रीत ठाऊक होती. तिचा हात वर येईना. "आई… मी तुमच्या घरची नाही."

"मंग काय जलमभर बाहेरच उभी ऱ्हाशी? खाय. तुना बापकडे मी येस दोन दिनमा."

यामिनीने राजधरकडे बघितलं. एवढा बोलका माणूस, पण कपबशी हातात धरून नुसता बघत होता, आणि कप बशीवर किणकिणत होता. तोही घाबरलेलाच होता की! तिला एकदम त्याची इतकी माया आली, की काय सांगू.

तिने रोट घेतला आणि घास तोडला. कडक होता, दाताला लागत होता. भीती काही गेली नव्हती. रस्त्यावरून ट्रक धडधडत गेला तशी ती दचकलीच. पण घास तिने खाली ठेवला नाही.

"चुरा सांडू नको माय," सुंदरबाई म्हणाली. "बठ्ठा, सगळा खावा लागस."

यामिनीने ओढणीवर पडलेला चुरा बोटाने टिपला आणि तोही तोंडात टाकला.